वाघाचे पट्टे, संगणकाची रोवणी

२०२३ सालची गोष्ट. ओडिशात, गजपती जिल्ह्यातल्या महेंद्रगिरीच्या जंगलात एक वाघ दिसला. हा पाहुणा आला कुठून? त्याच्या गळ्यात पाटी नव्हती की खिशात ओळखपत्र नव्हतं! पण त्याचे फोटो जुन्या फोटोंशी ताडून पाहिले आणि सगळे थक्क झाले. हा तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला, ब्रह्मपुरीच्या जंगलातला वाघ! सुमारे दोन हजार किलोमीटरची पायपीट करून तो तिथे पोचला होता.

ओळख पटली ती त्याच्या पट्ट्यांवरून. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कुणासारखा नसतो, तसेच एका वाघाचे पट्टे दुसऱ्या वाघासारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे त्याच्या उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. म्हणून तर जंगलाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की त्याच्या अंगाची ऊब आणि हालचाल कॅमेऱ्याला कळते आणि खट्‌ खट्‌ दोन्ही बाजूंचे फोटो निघतात.

तुम्ही म्हणाल, "मग काय, फोटो निघाला, पट्टे जुळवले, झालं काम!"

इतकं सोपं असतं तर आज ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. खरी मेहनत सुरू होते ती फोटो निघाल्यानंतर. ती मेहनत करतो संगणक, आणि तीही एका नव्हे, अनेक हातांनी. हे कसं, ते आज पाहू या. आणि गंमत अशी, की ते समजायला पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जायला नको. आषाढात गडचिरोलीच्या धानाच्या बांधीत उभं राहिलं तरी पुरे!

फोटोंचा डोंगर

एके काळी आपल्याकडे वाघ मोजत ते पायांच्या ठशांवरून. ठशावर काच ठेवायची, त्याची आकृती गिरवायची आणि हा ठसा कोणत्या वाघाचा ते ठरवायचं. पण ओल्या मातीतला ठसा वेगळा, धुळीतला वेगळा. चुका होत. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि देश हादरला. मग मोजणीची पद्धत बदलली. कर्नाटकातल्या नागरहोळे जंगलात उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकातच कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ मोजून दाखवले होते. २००६ पासून देशभरच्या गणनेत कॅमेऱ्यांना मानाची जागा मिळाली.

आता आकडे ऐका. २०२२ च्या गणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी किती फोटो काढले असतील? ४ कोटी ७० लाख ८१ हजार ८८१! आणि त्यांत वाघाचे फोटो किती? फक्त ९७,३९९. म्हणजे दर पाचशे फोटोंमागे जेमतेम एकात वाघ. बाकीच्यांत चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल, गाई, मोहफुलं वेचायला निघालेली माणसं, आणि कधी कधी तर नुसतं वाऱ्याने हललेलं गवत!

समजा, एका माणसाने दर फोटोला दोनच सेकंद दिली आणि रोज आठ तास काम केलं, तर सगळे फोटो नुसते पाहायलाच त्याला जवळजवळ नऊ वर्षं लागतील. तीही एकाही रविवारी सुट्टी न घेता! आणि गणना तर दर चार वर्षांनी होते.

याच मेहनतीतून त्या वर्षी महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचं कळलं. २०१८ मध्ये हा आकडा ३१२ होता. राज्यातले सगळ्यांत जास्त वाघ आहेत ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात: ताडोबा-अंधारीत आणि त्याबाहेर ब्रह्मपुरीच्या रानात. तिथून काही वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यातही पोचले आहेत.

घाई कशाची?

गणनेला वेळ लागला तर लागू दे, असं कुणी म्हणेल. पण प्रश्न फक्त गणनेचा नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीची गावं जंगलाला अगदी खेटून आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं पडतात. ती वेचायला बाया-माणसं टोपल्या घेऊन जंगलात जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा असतो. वाकून फुलं वेचणारं माणूस झुडपाआडून वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटू शकतं. असे अपघात या जिल्ह्यांत घडले आहेत. त्यांत कित्येक घरांनी आपली माणसं गमावली आहेत.

असा अपघात झाला की गावात भीती आणि संताप दोन्ही असतात. "तो वाघ पकडा," असं लोक म्हणतात, आणि त्यांचं चूक तरी कसं म्हणायचं? पण 'तो' म्हणजे कोणता? त्याच रानात तीन-चार वाघ फिरत असतील तर? म्हणून नियम असा, की आधी आजूबाजूला कॅमेरे लावायचे आणि पट्ट्यांवरून नेमका वाघ ओळखायचा. चुकीचा वाघ पिंजऱ्यात गेला तर एकदम दोन चुका होतात. निरपराध वाघ जन्मभर कोंडला जातो आणि धोका मात्र रानात मोकळाच राहतो. आणि गाव तर निर्धास्त झालेलं असतं!

तेव्हा इथे दोन गोष्टी लागतात: ओळख अचूक हवी, आणि ती लवकर हवी. आज काढलेला फोटो पंधरा दिवसांनी तपासून काय उपयोग? उद्या पहाटे तर मोह वेचायला जायचं असतं.

फोटो म्हणजे आकड्यांचं शेत

आता संगणकाच्या आत डोकावू. आपल्याला फोटोत वाघ दिसतो. संगणकाला दिसतात फक्त आकडे.

भिंगातून फोटो खूप मोठा करून पाहिला, तर तो बारीक बारीक चौकोनांचा बनलेला दिसेल. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक पिक्सेलसाठी एक आकडा असतो. अगदी काळा असेल तर ०, अगदी पांढरा असेल तर २५५, आणि करड्या छटा मधल्या आकड्यांच्या. आडव्या ओळीत ४००० आणि उभ्या ३००० पिक्सेल असतील, तर एका फोटोत झाले १ कोटी २० लाख आकडे!

रात्री बरेच कॅमेरे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात काळे-पांढरे फोटो काढतात. अंधार असतो, वाघ चालत असतो, भिंगावर दव पडलेलं असतं. मग फोटोत पांढरे ठिपके येतात, पट्टे पुसट होतात. तो फोटो साफ करायला वापरतात 'फिल्टर'.

फिल्टर म्हणजे गाळणी. पण ही गाळणी जाळीची नाही, गणिताची! तिचा नियम साधा आहे: प्रत्येक पिक्सेलने आपला नवा आकडा ठरवताना आपल्या आठ शेजाऱ्यांना विचारायचं. तो स्वतः आणि आठ शेजारी मिळून नऊ चौकोन, तीन गुणिले तीन.

एक उदाहरण घेऊ. समजा, नऊ चौकोनांत हे आकडे आहेत:

४० ४२ ४१
४३ २५५ ४०
४४ ४२ ४१

सगळीकडे चाळिशीच्या घरातले आकडे आणि मधेच २५५! हा नक्कीच चुकून आलेला पांढरा ठिपका. तो घालवायचा कसा?

पहिला उपाय, सरासरी काढायची. नऊ आकड्यांची बेरीज ५८८, भागिले ९, म्हणजे साधारण ६५. ठिपका फिका झाला खरा, पण गेला नाही.

दुसरा उपाय, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा: ४०, ४०, ४१, ४१, ४२, ४२, ४३, ४४, २५५. मधला, म्हणजे पाचवा आकडा ४२. ठिपका साफ! वर्गात एकच मुलगा आरडाओरडा करत असेल, तर त्याच्यावरून सगळ्या वर्गाचा आवाज ठरवू नये. तसंच हे.

आणि पट्टे ठळक करायचे असतील तर? त्यालाही युक्ती आहे. मधल्या आकड्याला पाचाने गुणायचं आणि वरचा, खालचा, डावा, उजवा असे चार शेजारी वजा करायचे. समजा, वाघाच्या अंगावर उभा पट्टा संपून पिवळा भाग सुरू होतो, तिथले आकडे आहेत ६०, ६०, ६०, १४०, १४०, १४०, आणि वरच्या-खालच्या ओळीही तशाच आहेत. गणित केलं की सीमेवरचा ६० घसरून शून्याच्या खाली जातो. शून्याखाली छटाच नसते, म्हणून तो ० धरायचा. सीमेवरचा १४० वाढून २२० होतो. बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणजे काळा अधिक काळा, उजळ अधिक उजळ, आणि पट्ट्याची कड एकदम उठून दिसते. खरं वाटत नसेल तर पाटीवर मांडून पाहा.

गणित सोपं आहे, पण किती वेळा करायचं? १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाचे नऊ आकडे वाचायचे. म्हणजे एका फोटोला, एका फिल्टरला, १० कोटी ८० लाख वाचनं. तुम्ही सेकंदाला एक आकडा वाचलात तर न जेवता, न झोपता १२५० दिवस लागतील. जवळजवळ साडेतीन वर्षं!

आता चला बांधीत

संगणकात गणित करणारा जो भाग असतो त्याला प्रोसेसर म्हणतात. पूर्वी घरच्या संगणकातल्या प्रोसेसरमध्ये गणित करणारा एकच गडी असायचा. वेग हवा असेल तर त्या गड्यालाच अधिक पळवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. पण २००४ च्या सुमाराला अडचण आली. गडी इतका पळू लागला, की तापायला लागला! त्याला आणखी पळवलं तर तो थंड ठेवणंच कठीण. मग कारखानदारांनी वाट बदलली: एकाला पळवण्याऐवजी दोघांना कामाला लावू. २००५ मध्ये घरगुती संगणकांत दोन गड्यांचे प्रोसेसर आले. अशा प्रत्येक गड्याला 'कोअर' म्हणतात. पुढे चार झाले, आठ झाले. आज तुमच्या आई-बाबांच्या मोबाइलमध्येसुद्धा बहुधा आठ कोअर असतील.

पण गडी वाढले म्हणजे काम आपोआप लवकर होत नाही, बरं का! कामाची वाटणी नीट करावी लागते. आणि वाटणी म्हटली की मला आठवते रोवणी.

आपल्या भागातल्या मुलांना रोवणी सांगायला नको. पण इतरांसाठी सांगतो. पावसाळ्यात धानाचे पऱ्हे वाढले की ते उपटून, चिखल केलेल्या बांधीत ओळीने रोवायचे असतात. एकट्या बाईने मोठी बांधी रोवायची म्हटली तर दिवसच्या दिवस जातील. म्हणून आठ-दहा जणी एका ओळीत उभ्या राहतात. प्रत्येकीने आपल्यासमोरची पट्टी रोवायची आणि मागे मागे सरकत जायचं. गाणी म्हणत म्हणत दुपारपर्यंत बांधी हिरवी होते.

फोटोचंही तसंच करायचं. ३००० ओळींचा फोटो आणि चार कोअर. पहिल्याला ओळ १ ते ७५०, दुसऱ्याला ७५१ ते १५००, तिसऱ्याला १५०१ ते २२५०, चौथ्याला २२५१ ते ३०००. चौघांनी एकदम सुरू करायचं. काम जवळजवळ चौपट वेगाने होतं.

पण इथे तीन खड्डे आहेत. ते चुकवता आले तरच ही रोवणी साधते.

पहिला खड्डा: शेजारच्या पट्टीची ओळ

पहिल्या कोअरची शेवटची ओळ ७५० वी. तिथल्या पिक्सेलला आपले शेजारी विचारायचे आहेत. वरचे सापडले, पण खालचे शेजारी ७५१ व्या ओळीत, म्हणजे दुसऱ्या कोअरच्या पट्टीत! पहिला म्हणाला, "ती माझी पट्टी नाही, मी बघणार नाही," तर काय होईल? सीमेवर फोटोत एक आडवी रेघ उमटेल. आणि वाघाच्या फोटोत नसलेली रेघ उमटणं म्हणजे नवा पट्टाच की!

म्हणून नियम असा: लिहायचं फक्त आपल्या पट्टीत, पण वाचायला शेजारची एक ओळ घ्यायची. नऊऐवजी पंचवीस चौकोनांची, पाच गुणिले पाचची गाळणी असेल, तर दोन ओळी. रोवणारी बाई नाही का, आपली ओळ सरळ जावी म्हणून शेजारणीच्या रोपांकडे नजर ठेवते? तसंच.

दुसरा खड्डा: जुन्यावरच नवं लिहिणं

हा खड्डा जास्त फसवा आहे. आकडे घ्या: १०, १०, १००, १०, १०. टोकाचे दोन सोडून प्रत्येकाने स्वतःची आणि दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी काढायची आहे. बरोबर उत्तर येतं: १०, ४०, ४०, ४०, १०.

आता समजा, कागद वाचवायला आपण जुना आकडा खोडून तिथेच नवा लिहिला. दुसऱ्या जागी ४० आला. तिसऱ्याने सरासरी काढताना जुन्या १० ऐवजी हा नवा ४० घेतला. त्याचं उत्तर आलं ५०. चौथ्याने तो ५० घेतला, त्याचं आलं सुमारे २३. सगळा घोळ! त्यात चार कोअर एकदम काम करत असतील तर कोण आधी लिहील नि कोण नंतर, याचा नेम नाही. आज एक उत्तर, उद्या दुसरं.

उपाय सोपा आहे: जुना फोटो फक्त वाचायला, नवा फोटो फक्त लिहायला. मूळ फोटोला कुणीही हात लावायचा नाही. तंटा लागलाच तर मूळ फोटो उघडून पाहता येतो. ही सवय तुमच्या विज्ञानाच्या वहीलाही चांगली. प्रयोगातले मूळ आकडे कधी खोडू नयेत!

तिसरा खड्डा: वाटता न येणारं काम

दहा जणी रोवायला तयार आहेत, पण पऱ्हे वाहून आणणारा एकच गडी आहे. मग काय, बाया धुऱ्यावर बसून त्याचीच वाट पाहणार! संगणकातही काही कामं एकट्याचीच असतात. कॅमेऱ्यातल्या कार्डावरून फोटो वाचणं हे साधारण तसंच.

समजा, एकूण काम १०० मिनिटांचं आहे. त्यातलं १० मिनिटांचं काम वाटता येत नाही, ९० मिनिटांचं येतं. दोन कोअर लावले तर १० अधिक ४५, म्हणजे ५५ मिनिटं. नऊ कोअर लावले तर १० अधिक १०, म्हणजे २० मिनिटं. आणि हजार लावले तरी? १० मिनिटांच्या खाली जाताच येत नाही! ही गोष्ट १९६७ साली जीन आमडाल या संगणकतज्ज्ञाने मांडली. तिला आमडालचा नियम म्हणतात. गर्दी केल्याने सगळंच लवकर होत नाही, हे लग्नघरात काम केलेल्या कुणालाही पटेल.

फोटो कापायचा की वाटायचा?

आता एक डोकं चालवायचा प्रश्न. फोटो एकच असेल, पण प्रचंड मोठा, तर त्याच्या पट्ट्या कापून वाटायच्या. उपग्रहातून काढलेलं जंगलाचं चित्र असंच असतं. पण कॅमेऱ्यांतून लाखो छोटे फोटो आले असतील तर?

तेव्हा कापाकापी कशाला? प्रत्येक कोअरला एकेक अख्खा फोटोच द्यायचा! शेजारच्या ओळीची भानगडच नाही. घरी तेंदूपत्ता आणला की सगळे मिळून पुडे बांधायला बसतात, तेव्हा एकाच पुड्यावर चौघं झटत नाहीत. आजी आपला पुडा बांधते, ताई आपला. ज्याचा पुडा झाला त्याने ढिगातली पुढची पानं उचलायची. आजीचा हात भरभर चालला तर तिचे पुडे जास्त होतात, पण रिकामं कुणीच बसत नाही. संगणकातही हीच रीत चांगली. आधीच समान वाटे पाडले तर एखाद्या कोअरच्या वाट्याला सगळे किचकट फोटो येतात आणि बाकीचे हात जोडून बसतात. त्यापेक्षा ज्याचं संपलं त्याने पुढचं उचलावं.

विदर्भाच्या सुपुत्राचा 'परम'

अनेक गड्यांना मिळून गणित करायला लावायची ही कल्पना भारताला नवी नाही. १९८० च्या दशकात आपल्याला हव्या त्या ताकदीचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. मग आपणच तो बनवायचा असं ठरलं. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा, म्हणजे आपल्या विदर्भातलेच की! एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी ६४ साधे प्रोसेसर एकत्र जोडले आणि काम वाटून दिलं. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तेव्हा जे एका मोठ्या यंत्राला जमत होतं, ती वाटणीची युक्ती आज तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे.

फिल्टर आपणहून शिकतात तेव्हा

गणनेचे फोटो निवडायला भारतीय वन्यजीव संस्थेकडे 'कॅट्रॅट' नावाची संगणकप्रणाली आहे. हा फोटो वाघाचा, हा सांबराचा, हा अस्वलाचा, अशी वर्गवारी ती करते. अशा 'शिकणाऱ्या' प्रणालींच्या पोटातही नऊ चौकोनांच्या गाळण्याच असतात. पण कशाने गुणायचं, काय वजा करायचं, हे आकडे माणूस ठरवून देत नाही. हजारो ओळखलेले फोटो दाखवून संगणकाला ते शोधायला लावतात. एका फोटोवर अशा शेकडो गाळण्या चालतात. म्हणून त्यासाठी हजारो छोटे कोअर असलेले खास प्रोसेसर वापरतात.

त्यानंतर वाघाचे फोटो दुसऱ्या एका प्रणालीकडे जातात. ती वाघाच्या शरीराचा त्रिमितीय आकार मनात धरून त्यावर पट्टे 'चढवते'. त्यामुळे वाघ थोडा तिरका उभा असला तरी पट्टे जुळवता येतात.

आणि २०२३ मध्ये ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावाजवळ वाघ ओळखणारे कॅमेरे बसवले गेले. वाघ गावाकडे येताना दिसला की लगेच इशारा मिळावा, हा त्यांचा हेतू. इथे तर गणित काही क्षणांत व्हायला हवं!

शेवटचा शब्द कुणाचा?

इतकं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, आता माणसाचं काय काम? तर ऐका. फिल्टर पुसट पट्टा ठळक करतो, पण फोटोत नसलेला पट्टा तो आणू शकत नाही. फार जोरात चालवला तर गवताच्या काडीची सावलीही पट्ट्यासारखी दिसू लागते. म्हणून संगणक फक्त सुचवतो, "हे दोन फोटो एकाच वाघाचे असावेत." मग माणूस दोन्ही फोटो शेजारी ठेवतो, एकेक पट्टा डोळ्यांनी तपासतो आणि निर्णय देतो. कारण त्या निर्णयावर एखाद्या वाघाचं स्वातंत्र्य आणि एखाद्या गावाची सुरक्षितता अवलंबून असते. संगणकाने नऊ वर्षांचा ढीग उपसला, तो याचसाठी, की माणसाच्या डोळ्यांना नेमक्या त्या फोटोकडे शांतपणे पाहायला वेळ मिळावा.

वर्गात करून पाहा

चौकटींच्या वहीत आडव्या १२ आणि उभ्या १२ चौकोनांचा एक 'फोटो' काढा. प्रत्येक चौकोनात ० ते ९ मधला आकडा लिहा. मधे मोठ्या आकड्यांचा एक पट्टा घाला. आता चार जणांचा गट करा आणि प्रत्येकाला तीन ओळी द्या. कडेचे चौकोन तसेच ठेवून, बाकीच्यांवर 'मधला आकडा' हा फिल्टर चालवा. उत्तरं नव्या कागदावर लिहायची, विसरू नका! आधी एकट्याने करून किती वेळ लागतो ते पाहा, मग चौघांनी. वेळ बरोबर चौथा हिस्सा झाला का? नसेल झाला, तर खड्डा कोणता ते शोधा.

आणि जाता जाता एक कोडं. वरच्या १०० मिनिटांच्या कामाला १५ कोअर लावले तर किती मिनिटं लागतील? (उत्तर: १६ मिनिटं. पण आधी स्वतः करून पाहिलंत ना?)